सुनीती नामजोशी : परमुलखातील एक नीतिकथाकार

वाङ्मयाच्या इतिहासात माणसे मोजण्याची आपली एक रीत ठरून गेलेली आहे. जो मराठीत लिहितो तो आपला, मग त्याचा जन्म कोठेही झालेला असो. फादर स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशर परगण्याचा मनुष्य. तो १५७९ साली गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून बाहेर पडले. त्याला आम्ही बिनतक्रार मराठी कवींच्या पंक्तीस बसविले, आणि ते योग्यच केले. परंतु हीच वाट उलट दिशेने चालून गेलेल्या माणसाचे काय करावयाचे, हा प्रश्न आमच्या इतिहासकारांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. मराठी घरात जन्मलेली, पुण्यात शिकलेली एक स्त्री परमुलखात जाते, तेथील भाषेत कविता लिहिते, मुलांसाठी गोष्टी लिहिते, आणि आयुष्याचा बराच मोठा काळ तिकडेच राहते. तिचे नाव आमच्या वाङ्मयेतिहासाच्या कोणत्या रकान्यात घालावयाचे?

ह्या बाईंचे नाव सुनीती नामजोशी. जन्म मुंबईत, १९४१ सालचा. नामजोशी हे नाव उच्चारताच सदाशिव पेठेतल्या जाणत्या श्रोत्याला टिळक-आगरकरांचे सहकारी महादेव बल्लाळ नामजोशी आठवतील. परंतु आडनावाच्या धाग्यावरून नाते विणण्याचा आपल्या शहराचा जुना छंद येथे आवरता घेतलेला बरा. त्यांची आई सरोजिनीबाई फलटणच्या नाईक-निंबाळकरांची कन्या. म्हणजे शिवाजी महाराजांच्या सईबाई ज्या घराण्यातल्या, तेच हे आजोळ. वडील वैमानिक होते. १९५३ साली विमानाच्या अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा मुलगी अवघी बारा वर्षांची होती. मसुरीची मिशनरी शाळा आणि नंतर कृष्णमूर्तींच्या प्रेरणेने चाललेले ऋषिव्हॅली विद्यालय, अशा दोन अगदी भिन्न वातावरणांत शिक्षण होऊन पुणे विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली. काही काळ फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकविले, आणि १९६४ साली त्या भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या. पाच वर्षांनी ती नोकरी सोडली. पुढे कॅनडात मॅकगिल विद्यापीठात एझ्रा पाउंड ह्या कवीवर प्रबंध लिहून १९७२ साली डॉक्टरेट मिळविली व टोरांटो विद्यापीठात अध्यापन पत्करले. त्यानंतर इंग्लंड, आणि तेथील डेव्हन परगणा.

जाण्यापूर्वीची एक गोष्ट मात्र आमच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. १९६८ साली कलकत्त्याच्या ‘रायटर्स वर्कशॉप’ने गोविंदाग्रजांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. भाषांतरकार दोन : सुनीती नामजोशी आणि सरोजिनी नामजोशी, मुलगी आणि आई. गडकऱ्यांची कविता इंग्रजीत नेणे म्हणजे पुरणपोळी टपालाने पाठविण्यासारखे आहे. शब्दांचा तो लडिवाळपणा, ती अनुप्रासांची आतषबाजी वाटेतच सांडावयाची. तरीही मायलेकींनी ते काम अंगावर घेतले. आणि गडकरी तरी कोठले? जन्म नवसारीचा, बालपण गुजरातेतले. पुण्यात येऊन त्यांनी मराठीचे सिंहासन मिळविले. ही सदाशिव पेठदेखील कोकणातून घाट चढून आलेल्यांनी भरलेली. देशांतराचे आम्हांस एवढे नवल वाटण्याचे कारण नाही. बाहेरून आत येणाऱ्याचे कौतुक होते, आतून बाहेर जाणाऱ्याचा हिशेब मात्र आम्ही बंद करून टाकतो.

त्या बाहेर का गेल्या, ह्याचे उत्तर त्यांनी स्वतःच लपविलेले नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बिकॉज ऑफ इंडिया’ ह्या पुस्तकात आपल्या कविता आणि कथा यांच्या जोडीला त्यांनी आपली हकीकतही सांगितली आहे. त्यांचे प्रेम स्त्रीवर होते. १९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील प्रतिष्ठित घराण्यातील मुलीने हे उघड बोलून दाखवावे आणि येथेच सुखाने नांदावे, अशी सोय आमच्या समाजाने ठेवलेली नव्हती. ह्यावर पडदा टाकून केवळ ‘उच्च शिक्षणासाठी परदेशगमन’ असे लिहिणे सोपे आहे. परंतु तो इतिहास होणार नाही, आणि त्यांच्या कथाही मग उलगडणार नाहीत.

कारण तिकडे गेल्यावर त्या एका नव्हे, तीन अर्थांनी परक्या ठरल्या. गोऱ्यांत काळ्या, पुरुषांच्या जगात स्त्री, आणि स्त्रियांतही निराळ्या. अशा माणसाने बोलावे कोणाच्या तोंडून? नामजोशीबाईंनी उत्तर शोधले ते आपल्या जुन्या पेटाऱ्यात. पशुपक्ष्यांच्या तोंडून. १९८१ साली लंडनच्या ‘शीबा’ ह्या स्त्रियांनी चालविलेल्या प्रकाशनसंस्थेने त्यांचे ‘फेमिनिस्ट फेबल्स’ छापले आणि त्यांचे नाव झाले. त्यात पंचतंत्र आहे, इसाप आहे, ग्रीक पुराणे आणि युरोपातल्या परीकथाही आहेत. मात्र प्रत्येक कथेची शेपटी मुरगळलेली. एका कथेत ब्राह्मणाला मुलगा हवा असतो आणि पदरी पडते मुलगी. ही मुलगी पुढे तपश्चर्या करून विष्णूकडे वर मागते, की मला माणसाचा दर्जा दे. देव अडचणीत येतो, हे फार अवघड आहे म्हणतो, आणि एक आयोग नेमून मोकळा होतो. ही कथा सरकारी नोकरीत फायली पाहिलेल्या बाईनेच लिहावी! पाच वर्षांची प्रशासन सेवा अगदीच वाया गेली नाही, असे आम्हांस हे वाचताना वाटले.

पंचतंत्राने समुद्र ओलांडण्याची ही पहिली वेळ नव्हे. सहाव्या शतकात ते पहलवीत गेले, आठव्या शतकात अरबीत ‘कलीला व दिम्ना’ झाले, आणि फिरत फिरत १५७० साली इंग्रजीत पोहोचले. उलट दिशेने इसाप आमच्याकडे आला. तंजावरच्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच त्याच्या कथा मराठीत छापविल्या, आणि १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी ‘इसापनीतिकथा’ मराठी मुलांच्या हाती दिली. गोष्टी माणसांपेक्षा अधिक प्रवास करतात, आणि त्यांना परवाना लागत नाही.

येथे एका शेजाऱ्याची ओळख करून देणे भाग आहे. जेम्स बेरी हा जमेकातला, आफ्रिकी वंशाचा कवी. जन्म १९२४, मृत्यू २०१७. १९४८ साली तो इंग्लंडात उतरला, आणि पंचवीसाहून अधिक वर्षे तारखात्यात नोकरी करीत त्याने कविता लिहिल्या. १९८१ साली त्याला तेथील राष्ट्रीय काव्यस्पर्धेचे पहिले पारितोषिक मिळाले. त्याच्या ध्यानात आले, की वेस्ट इंडीजमधून आलेल्यांची मुले विलायतच्या शाळांत शिकत आहेत, पण पुस्तकांत त्यांच्यासारखे मूल कोठेच नाही. तेव्हा त्याने मुलांसाठी लिहावयास घेतले. जमेकाच्या खेड्यातील मुलांचा ‘अ थीफ इन द व्हिलेज’ हा कथासंग्रह १९८७ सालचा. पुढच्याच वर्षी त्याने अनान्सीच्या कथा सांगितल्या. हा अनान्सी म्हणजे कोळी, पश्चिम आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांतून आलेला. बळ नाही पण बुद्धी आहे, अगदी आपल्या पंचतंत्रातल्या सशासारखा.

नामजोशीबाईंचे पहिले बालपुस्तक ‘अदिती अँड द वन-आइड मंकी’ हे १९८६ सालचे, म्हणजे त्याच सुमाराचे. अदिती नावाची मुलगी, एक डोळा असलेले माकड, हत्ती आणि मुंगी अशी मंडळी ड्रॅगनचा बंदोबस्त करावयास निघतात. पुढे ह्या चौघांची मालिकाच झाली आणि ती चेन्नईच्या ‘तूलिका’ संस्थेने भारतात आणली. एका भागात तर थेम्स नदीतल्या ड्रॅगनशी त्यांची गाठ पडते. हिंदुस्थानच्या मुलीने लंडनचे संकट निवारावे, ह्यातली मौज त्यांनी कोठेही बोट दाखवून सांगितलेली नाही.

दोघांत एक मोठा भेद आहे. बेरीने आपल्या गावची बोली इंग्रजीत आणली, कारण जमेकाची बोली ही इंग्रजीचीच लेक. आईच्या घरात तिला जागा मागता येते. मराठीला ती सोय नव्हती. म्हणून बाईंची इंग्रजी स्वच्छ, तोकडी, कोणत्याही प्रदेशाचा हेल नसलेली आहे, आणि मराठीपण जे उरले ते प्राण्यांत आणि नावांत. ‘द कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काउ’ मधील गायीचे नाव भद्रावती आहे. आमच्या मते ह्यात त्यांनी काही गमावलेही. बेरीच्या ओळी मोठ्याने म्हणाव्याशा वाटतात. बाईंच्या कथा एकट्याने वाचावयाच्या आणि मग गालात हसावयाचे.

ही भाषेची सल त्यांच्या मनात होतीच, ह्याचा पुरावा म्हणजे २००० साली मेलबर्नहून निघालेले ‘गोजा’. गोजा ही घरातली दासी, जिने त्यांना लहानपणी वाढविले. तिच्यावर आणि राणी असलेल्या आजीवर लिहिलेले हे अर्धे आत्मचरित्र, अर्धे पुराण आहे. गोजाला इंग्रजी येत नव्हते. तेव्हा जिच्याशी हा संवाद मांडला, तिलाच तो कळू नये अशी ह्या पुस्तकाची घडण आहे. हे सारे त्यांना ठाऊक होते, आणि तेच त्यांनी लिहिले. त्यांच्या पुस्तकांत हे आम्हांस सर्वांत जवळचे वाटते.

राहता राहिला मराठीत आणण्याचा प्रश्न. १९८८ सालच्या ‘ब्लू डाँकी फेबल्स’मध्ये लाल पुलाजवळ राहणारे एक निळे गाढव आहे. नगरातील शिष्टांना त्याचा रंग पुलाशी विजोड वाटतो. त्याने तो बदलावा असा त्यांचा आग्रह, आणि ते काही बदलत नाही. परंतु आम्ही येथे ‘ते’ म्हटले, तेथेच फसलो. मूळ इंग्रजीत ही ‘ती’ आहे. मराठीत ‘गाढव’ म्हणावे तर ते नपुंसकलिंगी होऊन कथेचा अर्धा अर्थ जातो. ‘गाढवीण’ म्हणावे तर ती शिवी होते. आमच्या एका स्नेह्यांनी ‘निळी’ एवढेच म्हणावे, असे सुचविले आहे. पाहावे, जमते का.