रियासतकारांची दुडकी आणि दौड



“सध्या नोकरीतून मान वर करायला फुरसत नाही, रिटायर झालो की बघू.” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि बहुतेकांनी कधी ना कधी म्हटलंयही. आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे, त्यांनीही ३६ वर्षं नोकरीच केली. पण कोणत्या वयात किती जोरात चालायचं, याचं त्यांचं गणित आपल्यापेक्षा वेगळं होतं. ते म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई.

जन्म १७ मे १८६५, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावचा. बी.ए. होऊन १८८९ मध्ये ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत लागले. काम काय? महाराजांना पुस्तकं वाचून दाखवायची आणि पुढे राजपुत्रांना शिकवायचं. महाराज विलायतेला निघाले की अनेकदा यांनीही सामान बांधायचं. म्हणजे दिवस स्वतःचा नाही, गावही स्वतःचं नाही. मराठ्यांच्या इतिहासाचे मूळ कागद पुण्या-साताऱ्याकडे, आणि हे बडोद्यात. अशा माणसाने संशोधनाचं नाव काढलं नसतं, तरी कोणी दोष दिला नसता.

सरदेसायांनी वेगळी युक्ती केली. राजपुत्रांना इतिहास शिकवण्यासाठी टिपणं काढावीच लागत होती. तीच त्यांनी वाढवत नेली. १८९८ मध्ये त्यातून ‘मुसलमानी रियासत’ बाहेर पडली आणि १९०२ पासून ‘मराठी रियासत’चे भाग येऊ लागले. इतिहासाचार्य राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे यांच्यासारखी मंडळी मूळ कागद शोधून छापत होती. सरदेसाई ते वाचायचे, जुळवायचे आणि सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत सलग मांडायचे. नोकरीत राहून जे होण्यासारखं होतं, ते त्यांनी निवडलं. घोड्याच्या भाषेत सांगायचं तर ही दुडकी चाल. दिवसाला मजल थोडी, पण थांबणं नाही. रियासतीचं हे काम सुमारे तीस वर्षं चाललं.

१९२५ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुणे-लोणावळा रेल्वेमार्गावरच्या कामशेतला राहायला गेले. वय साठ. दोन्ही मुलगे अकाली गेलेले. आता या माणसाने ओसरीवर बसून दिवस काढावेत, असंच कोणालाही वाटलं असतं. पण त्यांची दौड सुरू झाली ती इथून पुढे.

पुण्यातलं पेशवे दफ्तर तोवर अभ्यासकांना जवळजवळ बंद होतं. मुंबई सरकारने त्यातले महत्त्वाचे कागद निवडून छापायचं ठरवलं आणि सर जदुनाथ सरकारांच्या शिफारशीने ते काम सरदेसायांकडे आलं. मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल सोडायचे, वाचायचे, निवडायचे. साधारण पाच वर्षांत, १९३४ पर्यंत, तब्बल ४५ खंड छापून झाले. पासष्टीच्या आसपासचा माणूस हे कसं करू शकला? एक तर हाताखाली मोडी वाचणारे सहाय्यक होते. दुसरं, काय शोधायचं हे तीस वर्षांच्या दुडकीने त्यांना आधीच शिकवलं होतं. आणि तिसरं, सरकारी दफ्तराचं उघडलेलं दार कायम उघडं राहील, याचा भरवसा कोणी द्यावा? घाई करण्याची वेळ हीच होती.

या दौडीची किंमतही मोजावी लागली, ती लपवायला नको. कागदांच्या निवडीवर आणि संपादनावर पुण्यातल्या अभ्यासकांनी कडक टीका केली, आणि तिच्यात तथ्य नव्हतं असं नाही. वेगात चुका होतात. पण तो वेग नसता, तर ते कागद कोणाच्या हाती कधी पडले असते?

आता तिसरी चाल बघा. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी हात आखडता घेतला. पसारा मागे ठेवला आणि आयुष्यभर जमवलेल्या सामग्रीतून एकच मोठं काम काढलं, मराठ्यांचा इंग्रजीतला नवा इतिहास. १९४६ ते १९४८ या काळात त्याचे तीन खंड आले, म्हणजे वयाच्या ८१ ते ८३ या वर्षांत. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला मराठ्यांचा सगळा इतिहास सलग वाचायला मिळाला, तो त्यामुळे. १९५७ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि १९५९ मध्ये कामशेतलाच ते गेले.

मंडळी, त्यांच्या पदरात नशीबही होतं, हे कबूल करू. संस्थानची कायमची नोकरी, चौऱ्याण्णव वर्षांचं आयुष्य, आणि जदुनाथांसारखा अर्ध्या शतकाचा मित्र. आज दर वर्षी कंत्राट बदलणाऱ्याला हे सगळं कुठून मिळणार? पण एक गोष्ट आपल्या हातातली आहे. आपण समजतो की तरुणपणी धावायचं आणि उतारवयात थांबायचं. सरदेसायांनी वेग वयावरून ठरवला नाही. समोर काम कोणतं आहे, वेळ कोणाच्या मालकीचा आहे आणि मदतीला हात किती आहेत, हे पाहून ठरवला. नोकरीच्या वर्षांत त्यांनी टिपणं काढायची थांबवली असती, तर साठीत दफ्तराचं दार उघडूनही त्यांना आत काय शोधायचं ते कळलं नसतं.

म्हणून “रिटायर झालो की बघू” म्हणण्याआधी आज रात्री एक पान लिहून ठेवा. दौडायची वेळ येईल तेव्हा ते पान कामी येईल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.