खांद्याच्या दुखापतीनंतर खेळात पुनरागमन

खांदा निखळणे, खोबणीच्या कडेची लॅब्रम ही कूर्चा फाटणे, रोटेटर कफ या खांद्याभोवतालच्या स्नायुगटाचे स्नायुबंध दुखावणे किंवा कॉलरबोन मोडणे अशा इजेनंतर खेळाडूने पुन्हा मैदानात कधी उतरावे, हे ठरवण्याची प्रक्रिया. फिजिओ, अस्थिशल्यविशारद, प्रशिक्षक आणि खुद्द खेळाडू यांनी ती मिळून पार पाडायची असते. बाहेरच्यांचा प्रश्न मात्र एकच असतो : किती महिने? संशोधनातही बराच काळ हेच चालत आले. खेळायची मुभा कशाच्या आधारे दिली, याचे उत्तर बहुतेक शोधनिबंधांत ‘शस्त्रक्रियेनंतर उलटलेला काळ’ एवढेच सापडते आणि तो काळ बहुधा सहा महिन्यांचा असतो. शिवलेली ऊती भरून यायला वेळ लागतोच, तेव्हा हा हिशेब टाकून देता येत नाही. पण सहा महिने झालेले दोन खांदे सारखे असतातच असे नाही.

खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. खवाट्याच्या हाडाची खोबण उथळ आणि तिच्यावर टेकलेला दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा, बशीत मोसंबे ठेवावे तसा. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम लॅब्रम, अस्थिबंध आणि भोवतालचे स्नायू करतात. हात खांद्याइतका उचललेला आणि बाहेर वळलेला असताना झटका बसला की माथा पुढे निसटतो. निखळणाऱ्या खांद्यांपैकी सुमारे 95 टक्के असेच पुढच्या बाजूला निखळतात. चेंडू फेकताना, टेनिसची सर्व्हिस करताना, सूर मारताना किंवा चढाईपटूला धरताना हात नेमका याच स्थितीत जातो. इंग्लिश शल्यविशारद ब्लंडेल बँकार्ट यांनी 1923 मध्ये पुढच्या कडेची लॅब्रम सुटण्याकडे लक्ष वेधले. ती इजा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. निसटताना माथ्याला मागून पडणाऱ्या खोबणीला हिल आणि सॅक्स या अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञांचे नाव आहे (1940). खांदा वारंवार निखळण्याचा त्रास मात्र फार जुना. हिपॉक्रॅटिसच्या परंपरेतील ग्रंथांत काखेत तापलेल्या लोखंडाने डाग देऊन सांधा आवळण्याचा उपाय सांगितला आहे.

पुन्हा निखळण्याचा धोका सर्वाधिक ठरतो तो वयावर. पहिल्यांदा खांदा निखळला तेव्हा खेळाडू विशीच्या आतला असेल आणि शस्त्रक्रिया केली नसेल, तर काही अभ्यासांत दहापैकी सात ते नऊ जणांना तो पुन्हा निखळल्याचे आढळले. चाळिशीनंतर हे प्रमाण बरेच खाली येते, पण त्या वयात रोटेटर कफ फाटलेला नाही ना, हे आधी पाहावे लागते. फ्रान्समधील बाल्ग आणि ब्वालो यांनी 2007 मध्ये दहा गुणांचा एक तक्ता मांडला. वय विशीपर्यंत असल्यास 2 गुण, स्पर्धात्मक खेळाला 2, धडकीच्या किंवा हात डोक्यावर नेण्याच्या खेळाला 1, सांधे मुळात सैल असल्यास 1, आणि क्ष-किरणात माथ्याची खोबण किंवा झिजलेली कड दिसल्यास प्रत्येकी 2. बेरीज सहाच्या वर गेली, तर दुर्बिणीने केलेली लॅब्रमची शिवण टिकण्याची शक्यता कमी. तिथे खवाट्याच्या हाडाचा पुढे आलेला तुकडा कापून खोबणीच्या कडेला बसवण्याची लातार्जे शस्त्रक्रिया (1954) बरी, असे त्यांचे म्हणणे. धडकीच्या खेळातल्या तरुण मुलाला पहिली भेट घेण्याआधीच पाच गुण पडलेले असतात.

खरी ओढाताण होते ती हंगाम चालू असताना. खांदा जागेवर बसवला, आठवडाभर झोळी लावली, दुखणे गेले, मग थांबायचे कशाला? अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत याचे नेमके उत्तर मिळते. हंगामात खांदा निसटलेल्या 45 जणांपैकी 33 जण शस्त्रक्रियेविना परतले, तेही निम्म्याअधिक जण आठवडाभराच्या आत. पण पुन्हा खांदा न निसटता हंगाम पूर्ण करणारे फक्त 12 निघाले. परतणे आणि टिकणे यांतला हा फरक प्रशिक्षकाला सांगणे फिजिओच्या कामातले सर्वांत अवघड काम असावे.

आता चाचण्यांकडे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जुळवलेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञमताने सहा बाबी तपासायला सांगितल्या : वेदना, खांद्याची हालचाल, ताकद व दम, पायांपासून हातापर्यंतची जोराची साखळी, मन आणि त्या-त्या खेळाचा प्रत्यक्ष सराव. यांतली पहिली बाब सर्वांत फसवी आहे, कारण झोळीतला खांदाही दुखत नाही. त्यापेक्षा बरेच काही सांगते ती ‘अ‍ॅप्रिहेन्शन’ची तपासणी. खेळाडूला उताणे झोपवून हात बाजूला नव्वद अंशांत आणायचा, कोपर वाकवायचे आणि मनगट हळूहळू डोक्याकडे न्यायचे. तपासणाऱ्याची नजर इथे खांद्यावर नसते, चेहऱ्यावर असते. भुवया आवळल्या, दुसऱ्या हाताने फिजिओचे मनगट धरले, ‘आता निसटेल’ असे तोंडून निघाले, की दुखो न दुखो, तो खांदा तयार नाही.

ताकद मोजण्यासाठी हातात धरायचे डायनॅमोमीटर वापरतात. हात बाहेर वळवणाऱ्या स्नायूंचा जोर आत वळवणाऱ्यांच्या निदान तीन-चतुर्थांश असावा आणि दुखावलेली बाजू चांगल्या बाजूच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आलेली असावी, असा दंडक आहे. त्यात एक मेख आहे. गोलंदाज, भालाफेकपटू, टेनिसपटू यांचा खेळता हात मुळातच दुसऱ्यापेक्षा जोरकस असतो. त्याच हाताला नव्वद टक्क्यांवर पास करणे म्हणजे कमकुवत हाताला पास करणे. हालचालीचेही तसेच. फेकणारा हात बाहेर जास्त आणि आत कमी वळतो; म्हणून दोन्हींची बेरीज दुसऱ्या हाताच्या बेरजेशी ताडून पाहतात.

सगळ्यात स्वस्त चाचणीला चिकटपट्टी आणि घड्याळ पुरते. जमिनीवर 36 इंच, म्हणजे सुमारे 91 सेंटिमीटर अंतरावर दोन पट्ट्या लावायच्या. खेळाडूने दोन्ही पट्ट्यांवर हात टेकून जोर काढण्याच्या पवित्र्यात यायचे आणि एकेक हात उचलून पलीकडच्या पट्टीला शिवत राहायचे. पंधरा सेकंदांत 21 स्पर्श झाले तर ठीक. आकडा पंधराव्या सेकंदाला कळतो, पण बघण्यासारखे असते ते दहाव्यानंतरचे : खवाटा पाठीतून बाहेर येऊ लागतो, कंबर डुलते, दुखरा हात जमिनीवर कमीत कमी वेळ टेकवण्याची चोरी सुरू होते. सामन्यातल्या दुखापती ताज्या अंगाला थोड्याच होतात? शेवटच्या चढाईला, अठ्ठेचाळिसाव्या षटकात थकलेल्या खांद्याची परीक्षा होते. म्हणून आधी खेळाडूला दमवून मगच चाचणी घेणारे फिजिओ मला जास्त शहाणे वाटतात.

फेकण्याच्या खेळांत एवढ्यानेही भागत नाही. बेसबॉलचा चेंडू फेकताना दंड सेकंदाला सुमारे 7,000 अंश या वेगाने आत वळतो. व्यायामशाळेत या वेगाची नक्कल करता येत नाही. म्हणून अंतर आणि फेकींची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवतात, आणि दुसऱ्या दिवशी खांदा कसा आहे हे पाहून पुढची पायरी चढतात. टेनिसपटू मारिया शारापोव्हाने ऑक्टोबर 2008 मध्ये रोटेटर कफची शस्त्रक्रिया करून घेतली आणि मे 2009 मध्ये ती एकेरीत परतली. पण सर्व्हिसची लकब बदलावी लागली, दुहेरी चुका वाढल्या. ती फ्रेंच ओपन जिंकली 2012 मध्ये. परतणे आणि पूर्वीच्या पातळीवर पोहोचणे या दोन पायऱ्या वेगळ्या धरतात, त्या याचमुळे.

धोका कोणी आणि किती पत्करायचा, हा शेवटचा प्रश्न वैद्यकाच्या बाहेर जातो. कॅनडातील इयन श्रायर यांनी 2015 मध्ये मांडलेल्या चौकटीत ऊतीची अवस्था आणि खेळाचा ताण यांच्या जोडीला तिसरी पायरी आहे : सामन्याचे महत्त्व, हंगामाची वेळ, करार, बाहेरचा दबाव. मोटोजीपी शर्यतपटू होर्हे लोरेन्सो 27 जून 2013 रोजी नेदरलँड्समधील आसन येथे सरावात पडला आणि त्याचे कॉलरबोन मोडले. विमानाने बार्सिलोनाला जाऊन त्याने हाडाला पट्टी बसवून घेतली, 29 जूनच्या शर्यतीत भाग घेतला आणि पाचवा आला. दोन आठवड्यांनी जर्मनीत तो पुन्हा पडला, पट्टी वाकली आणि ती शर्यत हुकली. वर्षाअखेरीस विजेतेपद गेले ते चार गुणांनी. आसनचे गुण कमावले म्हणून निर्णय बरोबर म्हणावा की जर्मनीचे गेले म्हणून चूक, यावर एकमत होणे कठीण.

याउलट उदाहरण महाराष्ट्रातले. 23 मार्च 2021 रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात क्षेत्ररक्षण करताना सूर मारल्याने मुंबईकर श्रेयस अय्यरचा डावा खांदा निसटला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. आयपीएलचा पहिला टप्पा आणि दिल्ली संघाचे कर्णधारपद दोन्ही गेले. सप्टेंबरमध्ये अमिरातीत स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा तो परतला, आणि 25 नोव्हेंबरला कानपूरमध्ये कसोटी पदार्पण करून त्याने 105 धावांचे शतक काढले. त्याचा फेकीचा हात उजवा असल्याने एक अडचण टळली होती. फेकीचाच हात दुखावला असता, तर तेच पाच महिने पुरले असते असे नाही.

कबड्डीत हिशेब आणखी बिकट. कोपऱ्यावरचा बचावपटू वाकून हात पुढे टाकतो, चढाईपटू जोर लावून निघतो आणि तो हात बाहेर ओढला जातो. साखळीत शेजाऱ्याचा हात धरलेला असेल तर दुसराही खांदा ताणला जातो. अशा खेळाडूला परवानगी देण्याआधी मॅटवर प्रत्यक्ष पकड घ्यायला लावणे हीच खरी चाचणी : आधी सांगून केलेली चढाई, मग न सांगता, मग दोघांच्या साखळीत. दुखरा हात मागे ठेवून पकड फक्त दुसऱ्या हाताने घेतली जात असेल, तर परतण्याविषयीच्या भीतीची बारा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेण्याआधीच उत्तर मिळालेले असते.

वाढत्या वयाच्या मुलांची बाब निराळी. त्यांच्या दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी वाढीचा पट्टा उघडा असतो आणि वारंवार फेकण्याने तोच दुखावतो. यावर शस्त्रक्रिया नसते. फेकणे साधारण तीन महिने पूर्ण बंद ठेवून नंतर चेंडूंची संख्या मोजून सराव सुरू करतात, आणि तो मुलगा क्लब, शाळा व जिल्हा अशा तिन्ही संघांकडून एकाच आठवड्यात गोलंदाजी करत नाही ना, हे घरच्यांना विचारावे लागते.