शैक्षणिक अभिक्षमता कसोटी (सॅट)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांत पदवी अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी उपयोगात येणारी प्रमाणित परीक्षा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा परस्परांहून भिन्न असत. त्यांत एकसूत्रता आणण्यासाठी १९०० मध्ये महाविद्यालय प्रवेशपरीक्षा मंडळ (कॉलेज बोर्ड) स्थापन झाले व १९०१ पासून त्याने सामाईक लेखी परीक्षा सुरू केल्या. लॅटिनसारख्या विषयांवर भर असलेल्या या परीक्षा पूर्वेकडील खर्चिक खाजगी शाळांतील मुलांनाच सोयीच्या होत्या.

पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी बुद्धिमापन कसोट्या वापरण्यात आल्या. त्या कामात सहभागी असलेले प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी त्याच धर्तीवर ‘सॅट’ रचली. २३ जून १९२६ रोजी ८,०४० विद्यार्थ्यांनी ती प्रथम दिली. सैनिकी कसोट्यांच्या आधारे उत्तर यूरोपीय वंशाचे बौद्धिक श्रेष्ठत्व सिद्ध होते, असे ब्रिगम यांनी १९२३ मधील आपल्या ग्रंथात प्रतिपादिले होते. त्यामागे पुराव्यापेक्षा पूर्वग्रहच अधिक होता. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते प्रतिपादन निराधार ठरविले. मिळणाऱ्या गुणांत शालेय शिक्षण, घरचे वातावरण व इंग्रजीचा परिचय यांचाही वाटा असतो, असे त्यांचे नंतरचे मत होते. तोवर कसोटी मात्र रुजली होती.

१९३३ मध्ये हार्व्हर्डचे अध्यक्ष झालेले जेम्स ब्रायंट कॉनंट यांना मध्य-पश्चिमेकडील सामान्य शाळांतील हुशार मुले शिष्यवृत्ती देऊन आणावयाची होती. त्यांच्या निवडीसाठी त्यांनी हीच कसोटी स्वीकारली. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेत वाढलेले साधन अशा रीतीने वारसाहक्काविरुद्ध वापरले गेले. १९४२ मध्ये जुन्या लेखी परीक्षा बंद झाल्या, तर १९४७ मध्ये परीक्षासंचालनासाठी ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही संस्था निघाली.

या कसोटीसाठी शिकवणी उपयोगाची नाही, असा मंडळाचा दावा दीर्घकाळ होता. खाजगी शिकवणीवर्गांची भरभराट मात्र थांबली नाही. सरासरी गुण कौटुंबिक उत्पन्नाबरोबर वाढत जातात, हा मुख्य आक्षेप होय. बोडन महाविद्यालयाने १९६९ मध्येच ही अट ऐच्छिक केली. २०२० च्या महासाथीत परीक्षाकेंद्रे बंद पडल्याने बहुसंख्य विद्यापीठांनी तेच केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर २०२१ मध्ये प्रवेशासाठी गुणांचा विचार करणेच सोडले. उलट मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेने २०२२ मध्ये आणि डार्टमथ व हार्व्हर्ड यांनी २०२४ मध्ये अट पुन्हा लागू केली. गुण कळविणे ऐच्छिक असताना साधारण शाळांतील होतकरू विद्यार्थी, त्यांच्या परिस्थितीच्या मानाने उत्तम ठरले असते असे गुणही कमी समजून कळवीत नाहीत, असे डार्टमथच्या पाहणीत आढळले होते.