एकपात्री प्रयोग (मराठवाडा)

एकपात्री प्रयोग म्हणजे एकाच कलावंताने, सहकलाकाराशिवाय, प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष सादर केलेला नाट्यप्रयोग होय. संहितेतील सर्व पात्रे, त्यांचे संवाद आणि निवेदन हा एकच कलावंत आवाज, देहबोली व लकबी बदलून उभे करतो. मराठी रंगभूमीवर हा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला आणि मराठवाड्याने त्याला 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा सर्वाधिक लोकप्रिय प्रयोगांपैकी एक दिला. मोठा नाट्यसंच उभा करण्याचे आर्थिक बळ नसलेल्या ग्रामीण व निमशहरी भागातील नवोदित कलावंतांसाठी रंगभूमीवर येण्याचा तो एक महत्त्वाचा मार्ग राहिला आहे.

स्वरूप

एकपात्री प्रयोगाचे स्थूलमानाने दोन प्रकार दिसतात. पहिल्यात कलावंत एकाच व्यक्तीच्या भूमिकेत राहून आत्मकथन करतो. चरित्रात्मक प्रयोग बहुधा या पद्धतीचे असतात. दुसऱ्यात तो क्षणाक्षणाला पात्रे बदलतो. दुसरा प्रकार अधिक कठीण मानला जातो, कारण त्यात वेशभूषा बदलण्यास वेळ नसतो आणि कोण बोलत आहे हे प्रेक्षकाला केवळ आवाजाच्या पट्टीवरून, मानेच्या कोनावरून किंवा नजरेच्या दिशेवरून कळावे लागते. नेपथ्य अत्यल्प असते. एखादी खुर्ची, उपरणे किंवा काठी यांवर संपूर्ण प्रयोग उभा राहू शकतो.

स्वगत, नक्कल आणि अलीकडची स्टँड-अप कॉमेडी यांच्याशी एकपात्रीची गल्लत केली जाते. स्वगत हा मोठ्या नाटकाचा अंश असतो आणि नकलेत सलग कथानक नसते. स्टँड-अपमध्ये कलावंत प्रामुख्याने स्वतः म्हणूनच बोलतो. एकपात्रीत मात्र कथानक, पात्ररचना आणि नाट्यपूर्ण शेवट अपेक्षित असतो.

पूर्वपरंपरा

एकट्याने अनेकांचे सोंग वठवण्याची कला मराठी मुलखाला नवी नाही. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात कीर्तनकार आख्यान लावतो, तेव्हा राजा, राणी, ऋषी आणि चोपदार ही सारी पात्रे तोच रंगवतो. बहुरूपी, ज्याला काही भागांत रायरंद म्हणतात, दारोदार फिरून सोंगे करीत असे. संत एकनाथांच्या पैठणमुळे मराठवाड्यात भारुडाची परंपरा विशेष दृढ आहे. भारुडात टाळकरी आणि साथीदार असतात, म्हणून ते काटेकोर अर्थाने एकपात्री नव्हे. परंतु प्रयोगाचा मुख्य भार एकाच सोंगाड्यावर असतो आणि प्रेक्षकांशी थेट बोलण्याची रीतही सारखीच आहे. सिल्लोड तालुक्यातील भारूडकार निरंजन भाकरे यांनी 'बुरगुंडा'सारखी भारुडे गावच्या पारापासून दूरचित्रवाणीपर्यंत नेली. २०२१ मध्ये करोना संसर्गाने त्यांचे निधन झाले.

मराठी रंगभूमीवरील विकास

आधुनिक एकपात्रीला प्रतिष्ठा मिळाली ती पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मुळे. मूळ विनोदी लेखसंग्रह असलेल्या या पुस्तकाचे त्यांनी १९६१ पासून रंगमंचावर एकट्याने प्रयोग केले आणि नाट्यगृह भरण्यासाठी नटसंच लागतोच असे नाही, हे व्यावसायिक रंगभूमीला दिसले. पुढे सदानंद जोशी यांचा 'मी अत्रे बोलतोय' आणि सुमन धर्माधिकारी यांचा 'घार हिंडते आकाशी' हे प्रयोग गाजले. १९८९ मध्ये सुषमा देशपांडे यांनी 'व्हय, मी सावित्रीबाई' रंगमंचावर आणले. सावित्रीबाई फुले स्वतःच आपली कहाणी सांगतात, अशी त्याची रचना आहे. नाट्यगृहाबाहेर, वस्त्यांमध्ये आणि खेड्यांतही सादर करता येण्याजोगा हा प्रयोग पुढे इतर अभिनेत्रींनीही केला.

लक्ष्मण देशपांडे आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला'

मराठवाड्यातील एकपात्रीचा विचार लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांना वगळून करता येत नाही. ते औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या स्वलिखित प्रयोगास त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रारंभ केला. खेड्यातील एक कुटुंब लग्नासाठी विमानाने लंडनला जाते, एवढेच त्याचे कथासूत्र. सुमारे तीन तासांच्या या प्रयोगात ते एकटेच ५२ व्यक्तिरेखा साकारत. त्याची नोंद गिनेस बुकात झाली, आणि परदेशांतील मराठी मंडळांनीही त्याचे प्रयोग आयोजित केले.

या प्रयोगाचे महत्त्व केवळ पात्रसंख्येत नाही. मराठवाड्याची बोली तोवर व्यावसायिक रंगमंचावर प्रामुख्याने नोकराच्या किंवा गावंढळ पात्राच्या तोंडी, हशा मिळवण्यापुरती येत असे. येथे तीच बोली संपूर्ण प्रयोगाची भाषा झाली. हसू येते ते बोलीमुळे नव्हे, तर विमानतळावर, विमानात आणि परक्या देशात या माणसांची जी तारांबळ उडते तिच्यामुळे. आणि त्या तारांबळीतही त्यांचा भाबडेपणा व स्वाभिमान शाबूत राहतो. मुंबई-पुण्याच्या नाट्यसंस्थांत प्रवेश न मिळालेल्या, किंवा तिकडे जाणे न परवडलेल्या, मराठवाड्यातील पुढच्या कलावंतांना आपल्या घरच्या भाषेत प्रयोग करता येतो हा विश्वास त्यातून मिळाला, असे म्हणणे अतिशयोक्त ठरणार नाही. देशपांडे यांच्या निधनानंतर अभिनेते संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला.

त्याच शहरातून चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी प्रभृतींची 'जिगीषा' ही संस्था पुढे आली आणि नंतर मुंबईच्या रंगभूमीवर स्थिरावली. मराठवाड्यातील नाट्यगुणांना मोठ्या संधीसाठी बहुतेकदा स्थलांतर करावे लागते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

नवोदित कलावंत आणि संधी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. भोकरदन तालुक्यातील राजूर हे त्यातील परिचित तीर्थक्षेत्र असून गणपतीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते. अंगारकी चतुर्थीला राजुरेश्वराच्या दर्शनासाठी येथे मोठी गर्दी लोटते. अशा गावांतील नवोदित कलावंताला सुसज्ज नाट्यगृहासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा छत्रपती संभाजीनगरला जावे लागते. तेथील संत एकनाथ रंगमंदिर आणि संत तुकाराम नाट्यगृह ही विभागातील प्रमुख नाट्यगृहे आहेत. गावात उपलब्ध असतो तो मंडप, शाळेचे पटांगण किंवा देवळाचा सभामंडप.

त्यामुळे पहिला प्रयोग बहुधा गणेशोत्सव, नवरात्र किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात होतो. त्यानंतरचा टप्पा विद्यापीठाचा युवक महोत्सव. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा १९५४ पासून आणि पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून नव्या नटांची पारख करीत आली आहे. मात्र या दोन्ही स्पर्धा संघांच्या आहेत. एकट्या कलावंतासाठी अधिक उपयुक्त ठरतात त्या तालुक्या-तालुक्यांतील व्याख्यानमाला, ग्रंथालयांचे वार्षिक कार्यक्रम आणि महापुरुषांच्या जयंत्या. एका माणसाचे दीड-दोन तास शांतपणे ऐकण्याची सवय असलेला प्रेक्षक तेथे तयारच असतो. चरित्रात्मक प्रयोगांना तुलनेने लवकर मागणी येते, यामागे हेच कारण असावे. कल्पित कथानकाच्या प्रयोगाला आयोजक मिळणे कठीण जाते.

प्रयोग ठरण्याला 'सुपारी मिळणे' असे म्हणतात. हा शब्द तमाशा आणि लोककलांच्या व्यवहारातून आला. सुपारीच्या प्रयोगात आयोजक ठरावीक मानधन देतो आणि तिकीटविक्रीची जोखीम कलावंतावर राहत नाही. नवोदिताला मात्र अनेकदा केवळ प्रवासखर्च, शाल आणि श्रीफळ यांवर समाधान मानावे लागते. 'व्यासपीठ मिळते आहे' हे मानधन न देण्याचे नेहमीचे कारण असते. कलावंताला तालमीबरोबरच आयोजकांशी पत्रव्यवहार, चित्रफिती तयार करणे आणि ध्वनियंत्रणेची तजवीज ही कामेही स्वतःच करावी लागतात. स्त्री कलावंतांपुढे यात आणखी एक अडचण असते: प्रयोग रात्री संपतो आणि खेड्यातून परतीचे वाहन तेव्हा मिळत नाही. त्यामुळे सोबतीच्या माणसाचा खर्चही मानधनातूनच भागवावा लागतो.

केंद्रीय संस्कृती मंत्रालय १८ ते २५ वर्षे वयाच्या कलावंतांना दोन वर्षांसाठी दरमहा ₹ ५,००० शिष्यवृत्ती देते. नाट्य आणि लोककला या दोन्हींचा तीत समावेश आहे. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार २००६ पासून दिला जातो. नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र लोककलावंतांना इतर राज्यांत सादरीकरणाची संधी देते. शिष्यवृत्तीची निवड मुलाखतीद्वारे होत असल्याने आपली कला मोजक्या वेळात मांडण्याची तयारी लागते. कीर्तन-भारुडाच्या परंपरेतून आलेल्या आणि तासभर रंगात येत जाणाऱ्या कलावंताला नेमके हेच अवघड जाते.

परवानग्या व व्यवहार

महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगापूर्वी त्याची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. एकपात्री नाटकही यातून सुटत नाही. दुसऱ्याच्या साहित्यावर आधारित प्रयोगासाठी लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी आवश्यक असते, कारण भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. लोकप्रिय विनोदी लेखकांचे साहित्य सादर करणारे अनेक नवोदित याकडे दुर्लक्ष करतात आणि प्रयोग तिकीट लावण्याच्या टप्प्यावर आला की अडचणीत येतात. खुल्या जागेतील प्रयोगास पोलिसांची ध्वनिक्षेपक परवानगी लागते आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक सामान्यतः बंद ठेवावा लागतो. गावच्या कार्यक्रमात सत्कार आणि भाषणे लांबली की त्याचा फटका प्रयोगालाच बसतो. नाट्यप्रयोगाच्या ₹ ५०० पर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर आकारला जात नाही.

टाळेबंदीचा काळ

मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे राज्यातील नाट्यगृहे बंद झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती निम्म्या आसनक्षमतेने उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद होऊन २२ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली. जत्रा आणि उत्सवांवरील निर्बंधांमुळे ग्रामीण कलावंतांचे सलग दोन हंगाम बुडाले. सहकलाकारांची गरज नसल्याने एकपात्री कलावंतांना घरातून चित्रित केलेले प्रयोग समाजमाध्यमांवर दाखवणे शक्य झाले. परंतु समोरच्या प्रेक्षकाच्या हशावर पुढच्या वाक्याची लय ठरवणाऱ्या या प्रकाराचा मुख्य आधारच त्यात नव्हता. निर्बंध उठल्यावर अनेक कलावंत पुन्हा मंडपाकडे आणि पटांगणाकडे वळले.