मेनूचे वाचन : अनुमानाकडून साक्षीकडे

एका प्रोग्रॅमच्या मेनूत कोणते पर्याय आहेत व त्यांना कोणत्या कळा नेमल्या आहेत, हे दुसऱ्या प्रोग्रॅमने जाणावे, ही गरज प्रामुख्याने अंध वापरकर्त्यांच्या स्क्रीन रीडरमुळे निर्माण झाली. डॉसच्या काळात पडद्यावरील मजकूर स्मृतीत अक्षररूपानेच असे; तो वाचून उच्चारणे तुलनेने सुकर होते. चित्ररूप पडदा आला आणि तेथे केवळ ठिपके उरले. तेव्हा रेखाटनाच्या आज्ञा वाटेतच टिपून त्यांवरून पडद्याची प्रतिकृती रचण्याचा खटाटोप करावा लागला.

विंडोजमध्ये ‘गेटमेनूस्ट्रिंग’ या फंक्शनद्वारे मेनूचा मजकूर मागता येई. तथापि त्यातून मिळणारे ‘कंट्रोल + एस’ हे केवळ पर्यायापुढे लिहिलेले शब्द होत. कळांचा प्रत्यक्ष तक्ता निराळाच असतो. दोहोंत विसंगती राहणे अशक्य नव्हते. प्रोग्रॅमने मेनू स्वतःच रंगविला, तर मजकूरही हाती लागेलच असे नसे.

१९९७ साली मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक घटकाने आपले नाव, प्रकार व कळ विचारणाऱ्यास सांगावी, अशी योजना होती. ॲपलने २००२ साली मॅक ओएस टेनच्या १०.२ या आवृत्तीत तत्सम व्यवस्था केली.

अशा रीतीने अनुमानाची जागा साक्षीने घेतली. परंतु साक्ष द्यावयाची ती मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच. त्याने उत्तराची तरतूद केली नाही, तर डोळसास स्पष्ट दिसणारा पर्याय अंध वापरकर्त्यापुरता अस्तित्वातच राहत नाही.