हात रिकामे हवेत

अध्यक्षांशी हस्तांदोलन करायला रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे दोन्ही हात उघडे आणि रिकामे दिसले पाहिजेत, असा पहाऱ्यावरच्या लोकांचा नियम होता. साधा आणि बिनखर्चाचा. 6 सप्टेंबर 1901 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरात तो पाळला गेला नाही. कारण विचाराल तर उकाडा. जो तो रुमालाने घाम पुसत होता. कुणाकुणाचे हात तपासणार?

अमेरिकेचे अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली तेव्हा दुसऱ्यांदा निवडून आले होते. 1898 मध्ये स्पेनशी झालेल्या युद्धानंतर पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स अमेरिकेच्या पदरात पडले होते, हवाई बेटंही त्याच वर्षी जोडली गेली होती. 1900 च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने कामगारांना ‘भरलेला जेवणाचा डबा’ दाखवला होता. डबा किती जणांचा भरला हा प्रश्न निराळा. तिजोऱ्या मात्र भरल्या होत्या. युनायटेड स्टेट्स स्टील ही अब्जाहून अधिक डॉलर भांडवलाची कंपनी 1901 मध्येच उभी राहिली होती.

बुधवार, 4 सप्टेंबर, संध्याकाळ

पॅन-अमेरिकन प्रदर्शनासाठी अध्यक्षांची खास गाडी बफलोत शिरते. सलामीच्या तोफा रुळांच्या फार जवळ ठेवल्या आहेत. बार उडताच डब्यांच्या काचा फुटतात आणि गर्दीतून ‘अराजकवादी! अराजकवादी!’ अशी ओरड होते. ही धास्ती उगाच नाही. आदल्याच वर्षी इटलीच्या राजाला एका अराजकवाद्याने गोळ्या घातल्या होत्या आणि तो मारेकरी अमेरिकेतल्या पॅटरसन गावात राहून गेलेला होता.

खरा माणूस तोफेजवळ नाही. लिऑन चॉलगॉश, वय 28, जन्म मिशिगनचा, आईबाप पोलंडहून आलेले. क्लीव्हलंडच्या तारेच्या गिरणीत तो कामाला होता. 1893 च्या मंदीत संप झाला, नाव काळ्या यादीत गेलं, म्हणून फ्रेड नीमन हे नाव घेऊन तो पुन्हा त्याच गिरणीत शिरला. जर्मनमध्ये ‘नीमांड’ म्हणजे कुणीच नाही. उन्हाळ्यात त्याने अराजकवाद्यांशी ओळख वाढवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना तो पोलिसांचा खबऱ्या वाटला. 1 सप्टेंबरला त्यांच्या ‘फ्री सोसायटी’ या पत्राने त्याच्यापासून सावध राहा, असं छापूनही टाकलं. संशय अगदी रास्त होता, फक्त उलट्या दिशेचा.

गुरुवार, 5 सप्टेंबर, दुपार

प्रचंड गर्दीपुढे मॅकिन्ली भाषण करतात. जन्मभर आयातकराच्या भिंती बांधणारा हा नेता आज म्हणतो की एकटं राहण्याचे दिवस सरले. इतर देशांशी देवाणघेवाणीचे करार हवेत, मध्य अमेरिकेतून कालवा हवा, पॅसिफिकखालून तारायंत्राची केबल हवी. चॉलगॉश व्यासपीठाच्या जवळच उभा आहे. पण गर्दीत धक्के बसताहेत, नेम चुकेल असं वाटून तो थांबतो.

रात्री प्रदर्शनावर हजारो दिवे उजळतात. वीज नायगाराच्या धबधब्यावरून आलेली.

शुक्रवार, 6 सप्टेंबर, सकाळी 7 च्या सुमारास

अध्यक्ष मिलबर्न यांच्या घरी उतरलेत. जॉन मिलबर्न म्हणजे प्रदर्शनाचे अध्यक्ष. मॅकिन्ली सकाळी उठून जवळच्या रस्त्यावर एक फेरफटका मारून येतात. सोबत लवाजमा नको असतो त्यांना.

सकाळ ते दुपार

आगगाडीने नायगारा. देशाबाहेर पाऊल पडू नये म्हणून अध्यक्ष कॅनडाकडे जाणाऱ्या पुलाच्या मध्यापर्यंतच जातात. फिलिपिन्सपर्यंत सत्ता नेलेला माणूस इथे मात्र सीमा काटेकोर पाळतो. चॉलगॉशही नायगाऱ्याच्या वाटेला लागला होता. जवळ जाता येणार नाही हे ओळखून तो बफलोला परत फिरतो.

चिटणीस जॉर्ज कॉर्टेल्यू यांच्या मनातून संध्याकाळचा कार्यक्रम जात नाही. टेंपल ऑफ म्युझिक या सभागृहात सर्वसामान्यांशी हस्तांदोलन, अवघी दहा मिनिटं. त्यांनी तो दोनदा कार्यक्रमपत्रिकेतून काढला होता, अध्यक्षांनी दोन्ही वेळा परत घातला. मला कोण कशाला इजा करील, हे त्यांचं म्हणणं. दहा मिनिटांत असे कितीसे हात हातात येणार, असंही कॉर्टेल्यू यांनी विचारून पाहिलं. मॅकिन्लींचं उत्तर राजकारण्याचं होतं आणि भल्या माणसाचंही: ज्यांची पाळी येणार नाही, त्यांना निदान कळेल की मी प्रयत्न केला.

दुपारी 3.30 च्या सुमारास

उन्हाने थकलेल्या मॅकिन्लींच्या पत्नी आयडा विश्रांतीसाठी मिलबर्न यांच्या घरी जातात. सभागृहाबाहेर रांग लांबत चालली आहे. रांगेत चॉलगॉश आहे. गडद सूट, नीट विंचरलेले केस. खिशात .32 चं आयव्हर जॉन्सन रिव्हॉल्व्हर, चार दिवसांपूर्वीच विकत घेतलेलं.

4.00

दारं उघडतात. ऑर्गनवर बाख. अध्यक्षांच्या शेजारी नेहमी गुप्तहेर जॉर्ज फॉस्टर उभे असतात. आज ती जागा मिलबर्न यांना दिली आहे, पाहुण्यांची ओळख करून द्यायला. सैनिकांना रांगेच्या दोन्ही बाजूंना उभं केलंय. त्यांना असल्या कामाचा सराव नाही आणि मागे उभ्या असलेल्या पोलिसांची दृष्टी त्यांच्यामुळेच अडते आहे.

मॅकिन्ली हस्तांदोलनात तरबेज. समोरच्याचा हात धरायचा आणि हलकेच ओढून त्याला पुढे काढायचं, म्हणजे रांग तुंबत नाही. एक लहान मुलगी त्यांच्या कोटावरचं तांबडं कार्नेशन मागते. हे फूल ते शुभ मानत, कायम लावत. ते काढून तिला देतात.

4.07

चॉलगॉशच्या पुढे एक सावळा, मिशीवाला माणूस आहे. गुप्तहेरांची नजर त्याच्यावर खिळलेली. तो हात मिळवतो आणि पुढे सरकतो. सगळे सुटकेचा श्वास टाकतात.

त्याच्यामागच्या तरुणाच्या उजव्या हाताला पांढरा रुमाल गुंडाळलेला आहे. हाताला लागलं असेल. अध्यक्ष हात पुढे करतात. रुमालातून दोन बार निघतात आणि रुमाल पेट घेतो.

रांगेत मागेच जेम्स पार्कर उभे आहेत: सहा फुटांहून उंच, कृष्णवर्णीय, प्रदर्शनातल्या उपाहारगृहात वेटर. ते मारेकऱ्यावर झेप घेतात, तिसरी गोळी सुटत नाही. सैनिक आणि पोलीस त्याला तुडवू लागतात. खुर्चीत टेकवलेले मॅकिन्ली त्याला मारू नका असं सांगतात. मग कॉर्टेल्यू यांना म्हणतात, माझ्या बायकोला सांगताना जपून सांगा.

5.30 च्या सुमारास

विजेवर चालणाऱ्या रुग्णवाहिकेने अध्यक्षांना प्रदर्शनाच्या दवाखान्यात आणलं आहे. चक्कर, खरचटणं यांच्यासाठी थाटलेला तो दवाखाना. एक गोळी वरवर लागून निसटली, दुसरी जठराच्या आरपार गेली. शहरातले नावाजलेले शल्यचिकित्सक डॉ. रॉझवेल पार्क नायगाऱ्याला एका शस्त्रक्रियेत गुंतलेत. हाती लागतात डॉ. मॅथ्यू मॅन, स्त्रीरोगतज्ज्ञ.

आणि उजेड नाही. बाहेर धबधब्याच्या विजेवर सगळं प्रदर्शन लखलखायच्या बेतात आहे आणि इथे अध्यक्षांचे वैद्य डॉ. रिक्सी धातूचं तसराळं तिरपं धरून मावळतीचं ऊन जखमेवर पाडताहेत. चांगला दिवा लागतो तोवर शस्त्रक्रिया संपत आलेली असते. जठराची दोन्ही भोकं शिवली जातात, गोळी सापडत नाही, जखमेत निचऱ्याची नळीही ठेवली जात नाही.

त्याच संध्याकाळी

उपाध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना व्हर्माँटमधल्या एका बेटावर मेजवानीत फोनवर बातमी कळते. न्यूयॉर्कचे गव्हर्नर असताना ते कंपन्यांवर कर बसवायला निघाले, तेव्हा पक्षाचे तिथले सूत्रधार टॉमस प्लॅट यांनी त्यांना उपाध्यक्षपदावर ढकललं. ही ब्याद घालवायची म्हणून मान देऊन अडगळीत टाकलेला माणूस. पक्षाच्या धुरिणांचाही पहारा कडक होता. त्यांनीही भलत्याच दाराला कडी घातली.

पुढचे आठ दिवस

रुग्ण सुधारतोय अशी पत्रकं निघतात. एडिसन यांनी पाठवलेलं क्ष-किरण यंत्र वापरलंच जात नाही. निर्धास्त होऊन रूझवेल्ट ॲडिरॉनडॅक डोंगरात फिरायला जातात. आत मात्र गोळीच्या वाटेवरचं मांस सडत चाललं आहे. शुक्रवारी, 13 तारखेला, माउंट मार्सीच्या उतारावर एक वाटाड्या अध्यक्षांची प्रकृती बिघडल्याची बातमी घेऊन धावत येतो. रात्रभर अंधारात घोडागाडीतून दौडत रूझवेल्ट पहाटे स्टेशन गाठतात.

14 सप्टेंबर, पहाटे 2.15

मॅकिन्ली गेले.

दुपारी बफलोतल्या एका घरात 42 वर्षांचे रूझवेल्ट शपथ घेतात. सहा महिन्यांत त्यांचं सरकार नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वेमक्तेदारीला कोर्टात खेचतं. 1906 मध्ये अन्न, औषधं आणि मांसाच्या शुद्धतेचे कायदे होतात. मॅकिन्लींनी मागितलेला कालवाही होतो, पनामात, आणि तोही दंडेली करून. फिलिपिन्स अमेरिकेच्याच हाती राहतं. एका रुमालाने सुधारणेला दार उघडून दिलं; साम्राज्याचं दार आधीपासून सताड उघडंच होतं.

चॉलगॉशचा खटला दोन दिवसांत आटोपला. 29 ऑक्टोबरला त्याला विजेच्या खुर्चीत बसवलं. फॉस्टर यांचं सीक्रेट सर्व्हिस हे खातं मुळात खोट्या नोटा पकडण्यासाठीचं. अध्यक्षांच्या पूर्णवेळ संरक्षणाचं काम 1902 पासून त्याच्याकडे आलं.

पार्कर यांना खटल्यात साक्षीला बोलावलंच नाही. झटापटीत कुणी कृष्णवर्णीय माणूस आपल्याला दिसलाच नाही, असं फॉस्टर यांनी सांगितलं. पांढऱ्या रुमालातला हात त्यांना दिसला नव्हता. सहा फुटांहून उंच माणूसही दिसला नाही.