डेटाबेस ड्रायव्हर : संगणकातील अदृश्य दुभाष्या

बँकेच्या खिडकीवर खातेक्रमांक सांगितला की क्षणार्धात शिल्लक रक्कम संगणकाच्या पडद्यावर उमटते. वस्तुतः पडद्यावर दिसणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला ही रक्कम ठाऊक नसते. ती साठवलेली असते डेटाबेसमध्ये, म्हणजे अनेकदा दुसऱ्याच शहरातील संगणकावर. सॉफ्टवेअर एका कंपनीचे, डेटाबेस दुसऱ्या कंपनीचा, आणि दोहोंची भाषाही भिन्न. अशा वेळी एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत अचूक पोहोचविणारा जो दुभाष्या लागतो, त्याला ‘डेटाबेस ड्रायव्हर’ असे म्हणतात. प्रिंटरचा ड्रायव्हर बहुतेकांच्या परिचयाचा असतो. डेटाबेसचा ड्रायव्हर मात्र काम बिघडेपर्यंत कुणाच्या खिजगणतीत नसतो.

गरज का भासली?

आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या स्वरूपात मांडण्याची ‘रिलेशनल’ पद्धत सुचविली. त्या पायावर त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये एक प्रश्नभाषा मांडली. हीच पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने जगभर रुळली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने तिला प्रमाणभाषेचा दर्जा दिला.

प्रश्न विचारण्याची भाषा एक झाली, तरी तो प्रश्न डेटाबेसपर्यंत नेण्याची रीत मात्र प्रत्येक कंपनीची निराळीच राहिली. ओरॅकलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम सायबेसवर चालत नसे. डेटाबेस बदलायचा तर सॉफ्टवेअरचा मोठा भाग नव्याने लिहावा लागे. परिणामी, एकदा एका कंपनीचा डेटाबेस घेतला की ग्राहक तिच्याशी कायमचा बांधला जाई.

ही कोंडी फोडण्यासाठी १९८९ मध्ये काही कंपन्यांनी ‘एसक्यूएल अ‍ॅक्सेस ग्रुप’ स्थापन केला. त्या कामाच्या आधारे मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ‘ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी’ अर्थात ‘ओडीबीसी’ आणली. पाठोपाठ १९९७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा भाषेसाठी ‘जेडीबीसी’ दिली. दोन्हींमागील विचार एकच : सॉफ्टवेअरने ठरावीक नावांच्या आज्ञा द्याव्यात आणि त्यांचे त्या त्या डेटाबेसच्या बोलीत रूपांतर ड्रायव्हरने करावे. डेटाबेस बदलला तर ड्रायव्हर बदलावा. मूळ प्रोग्रॅम शक्यतो तसाच राहावा.

काम कसे चालते?

ओडीबीसीच्या रचनेत चार घटक असतात : सॉफ्टवेअर, ड्रायव्हर मॅनेजर, ड्रायव्हर आणि डेटाबेस. सॉफ्टवेअर प्रथम जोडणीचा तपशील देते. कोणता ड्रायव्हर, कोणता सर्व्हर, कोणता डेटाबेस, वापरकर्त्याचे नाव आणि संकेतशब्द, असा हा तपशील असतो. ड्रायव्हर मॅनेजर त्यावरून योग्य ड्रायव्हर शोधून तो स्मृतीत आणतो. ड्रायव्हर नेटवर्कवरून डेटाबेसचे दार ठोठावतो. हे दार म्हणजे ‘पोर्ट’. ओरॅकलसाठी ते प्रथेने १५२१, एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३, मायएसक्यूएलसाठी ३३०६, तर पोस्टग्रेससाठी ५४३२ असते.

ओळख पटली की सॉफ्टवेअरचा प्रश्न ड्रायव्हर त्या डेटाबेसला समजेल अशा स्वरूपात धाडतो. उत्तरादाखल आलेल्या बाइट्समधून अंक, तारखा आणि अक्षरे वेगळी करून ती ओळीओळीने सॉफ्टवेअरच्या हाती देणे हेही त्याचेच काम. चूक झाल्यास तिचा संकेतांकही तोच पोहोचवितो.

ड्रायव्हरचे चार प्रकार

जेडीबीसीच्या ड्रायव्हरांची विभागणी चार प्रकारांत केली जाते. पहिला प्रकार म्हणजे ओडीबीसीवर बांधलेला पूल. दुसरा प्रकार डेटाबेस कंपनीने दिलेल्या ग्राहक-सॉफ्टवेअरच्या आधाराने चालतो; ते प्रत्येक संगणकावर बसवावे लागते. तिसरा मध्यस्थ सर्व्हरमार्फत बोलतो. चौथा संपूर्णपणे जावातच लिहिलेला असून थेट डेटाबेसशी संवाद साधतो. बसविण्यास सोपा असल्याने आज चौथ्याचाच वापर सर्वाधिक आहे. पहिल्या प्रकारचा पूल २०१४ मधील जावा ८ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. त्यामुळे त्याच्या भरवशावर चालणाऱ्या जुन्या प्रणालींना पर्यायी ड्रायव्हर शोधावा लागला.

जोडणी महाग असते

डेटाबेसशी नवी जोडणी करणे हे वेळखाऊ काम आहे. नेटवर्कवरील ओळखपाळख, सांकेतिकीकरणाची बोलणी, संकेतशब्दाची पडताळणी हे सारे दर वेळी नव्याने करावे लागते. शिवाय डेटाबेस अमर्याद जोडण्या स्वीकारत नाही. पोस्टग्रेसमध्ये ही मर्यादा मुळात साधारण १०० ठेवलेली असते. म्हणून काही जोडण्या आधीच उघडून ठेवल्या जातात आणि काम झाले की त्या पुढच्यासाठी परत केल्या जातात. याला ‘कनेक्शन पूल’ म्हणतात. वापरलेली जोडणी परत करण्यास प्रोग्रॅम विसरला, तर साठा हळूहळू आटतो आणि डेटाबेस ठणठणीत असूनही ग्राहकाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे परिचित उत्तर ऐकावे लागते.

एका फेरीत किती ओळी आणाव्यात, हाही असाच प्रश्न. ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर, काही न सांगितल्यास, एका वेळी १० ओळी आणतो. हजार ओळींच्या अहवालासाठी त्यामुळे सुमारे १०० फेऱ्या होतात. याउलट पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर न सांगितल्यास सर्व ओळी एकदमच स्मृतीत ओढतो. ओळी लाखोंच्या घरात असतील तर संगणकाचा श्वास कोंडतो. अहवाल संथ निघण्याचे कारण अनेकदा अशा एखाद्या आकड्यात दडलेले असते.

अर्धवट व्यवहाराचा धोका

एका खात्यातून पाच हजार रुपये वजा करून दुसऱ्या खात्यात जमा करायचे आहेत. डेटाबेसच्या दृष्टीने या दोन आज्ञा आहेत. ओडीबीसी आणि जेडीबीसी या दोन्हींत प्रत्येक आज्ञा आपोआप कायम करण्याची सोय मुळातच सुरू असते. ती तशीच राहिली आणि पहिल्या आज्ञेनंतर वीज गेली, तर पैसे एकाकडून वजा होतील, पण दुसऱ्याला मिळणार नाहीत. म्हणून जाणकार प्रोग्रॅमर ही सोय बंद करून दोन्ही आज्ञा एकाच व्यवहारात बांधतात. दोन्ही पार पडल्या तरच व्यवहार कायम होतो. अन्यथा सारे पूर्ववत केले जाते.

अवतरणचिन्हाची करामत

वसई किंवा गोव्यातील डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना अनेकजण ‘डी’ या अक्षरानंतर वर एक चिन्ह देतात. एसक्यूएलमध्ये नेमके तेच चिन्ह मजकुराची सुरुवात आणि शेवट दाखविते. वापरकर्त्याने भरलेले नाव प्रोग्रॅमने जसेच्या तसे प्रश्नात चिकटवले, तर नाव मध्येच तुटते आणि प्रश्न फसतो. हा केवळ त्रास झाला. याच फटीतून एखादा उपद्रवी माणूस नावाच्या रकान्यात चक्क आज्ञाच लिहून इतरांची माहिती बाहेर काढू शकतो. ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात ते हेच.

यावरचा उपाय ड्रायव्हरपाशीच आहे. प्रश्नाचा साचा आधी पाठवावा, नाव येईल तेथे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि मूल्य स्वतंत्रपणे द्यावे. असे केले की नावात काहीही लिहिलेले असो, डेटाबेस त्याकडे आज्ञा म्हणून नव्हे, तर निव्वळ मजकूर म्हणूनच पाहतो.

मराठी नावांची प्रश्नचिन्हे का होतात?

मराठीत भरलेल्या अर्जाच्या छापील प्रतीत नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे आल्याचा अनुभव अनेकांना असेल. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा आणि हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे गणली जात असल्याने ‘महाराष्ट्र’ हा शब्द १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा होतो. आता डेटाबेस देवनागरी जाणतो, पण ड्रायव्हरची जोडणी पश्चिम युरोपीय अक्षरसंचावर ठेवलेली आहे, असे समजू. त्या संचात ‘म’ नाहीच. मग त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते आणि मूळ अक्षर कायमचे हरवते. नंतर कोणताही फाँट बसवून ते परत येत नाही. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या आवृत्ती ८ पूर्वी हा पश्चिम युरोपीय संचच मुळात निवडलेला असे. म्हणूनच डेटाबेस, जोडणी आणि पडदा या तिन्ही ठिकाणी युनिकोडच निवडलेले आहे ना, हे एखादे मराठी नाव भरून आणि पुन्हा वाचून पाहावे. ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी.

सुरक्षेच्या बाबतीतही ड्रायव्हरची आवृत्ती महत्त्वाची ठरते. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणलेल्या एसक्यूएल सर्व्हरच्या १८व्या ओडीबीसी ड्रायव्हरपासून जोडणी मुळातच सांकेतिक ठेवली आहे. त्यामुळे ड्रायव्हर बदलताच, योग्य प्रमाणपत्र नसलेल्या जुन्या सर्व्हरशी जोडणी होईनाशी होते. त्या वेळी तपासणी बंद करून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. सर्व्हरवर योग्य प्रमाणपत्र बसविणे हाच त्यावरचा खरा मार्ग होय.

सॉफ्टवेअर खरेदी करताना संस्था पडद्याचा देखणेपणा आणि डेटाबेसचे नाव पाहतात. त्याबरोबरच ड्रायव्हर कोणता, त्याची आवृत्ती कोणती आणि तो अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्नही करारापूर्वीच विचारलेले बरे. सभासदाचे नाव आणि त्याची रक्कम या दुभाष्याच्याच हातून ये-जा करीत असते.